अंतराळातला मारुती कांबळे

आमच्या नाहूरच्या घरात एकदा एका परग्रहावरच्या माणसावरून मायलेकांचे भांडण झाले आणि दोन दिवस अबोला चालला, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल. ह्यांनाही आले होते. ‘जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याच्यापायी घरात भांडी आपटताय!’ असे म्हणून ते पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. पण भांडण खरे होते. ते पुरते मिटले आहे असे आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

गोष्ट २००९ सालची. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मित्राकडून आणलेल्या सीडींवर तो ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नावाची अमेरिकन विज्ञानमालिका बघत असे आणि भाजी निवडता निवडता मीही बघत असे. माणसानेच घडवलेली सायलॉन नावाची यंत्रांची जात माणसावर उलटते, त्याच्या साऱ्या वसाहती बेचिराख करते आणि वाचलेली थोडी माणसे जहाजांच्या ताफ्यातून वणवण करत राहतात, असे तिचे कथानक. यंत्रांनाही देव आहे, प्रेम आहे, पश्चात्ताप आहे. कोण बरे आणि कोण वाईट हे ठरवता ठरवता बघणाऱ्याची पुरेवाट होते. मला ती आवडू लागली होती, हे कबूल करते.

मग तिसऱ्या पर्वाची सुरुवात आली. माणसे एका ओसाड ग्रहावर वस्ती करून राहिली आहेत आणि सायलॉनांनी ती वस्ती ताब्यात घेतली आहे. त्यांच्या हाताखाली माणसांचेच एक पोलीस दल तयार झाले आहे. ज्याची बायको सायलॉनांनी मारली असा एक तरुण वैमानिक अंगावर स्फोटके बांधतो, त्या पोलिसांच्या दीक्षान्त समारंभात जाऊन उभा राहतो आणि स्वतःसकट सगळ्यांना उडवतो. हा आपल्या बाजूचा माणूस, बरे का! निघण्यापूर्वी तो मेलेल्या बायकोशी बोलतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, संगीत हळुवार होते.

मुलगा भारावून म्हणाला, ‘‘आई, दुसरा उपाय काय होता त्याच्याकडे?’’

मी उठून टीव्ही बंद केला.

आता याला कारण होते. १३ मार्च २००३ च्या संध्याकाळी कर्जत लोकल मुलुंड स्थानकात शिरत असताना बायकांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात स्फोट झाला होता. त्या काळात मी व्हीटीच्या एका कचेरीत नोकरीला होते आणि रोज याच मार्गाने घरी येत होते. त्या दिवशी आधीची गाडी मिळाली म्हणून मी घरी पोचून कणीक मळत होते, एवढाच माझा त्या घटनेशी संबंध. रात्री शेजारी गोळा झाले, कोण आले कोण नाही याची मोजदाद झाली. आमच्या इमारतीतले सगळे आले होते.

पण आमच्या नेहमीच्या गाडीला एक बाई असत. दादरला चढत. पिशवीतून मेथी, गवार, मटार, जे काही असेल ते काढून निवडत बसत आणि मला कधी चौथी सीट मिळाली तर थोडे सरकून पिशवी मांडीवर घेत. वर्षानुवर्षे आमची ओळख म्हणजे मान हलवण्याची. त्या मार्चनंतर त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांना काही झाले असेल असे नाही. बदली झाली असेल, घर बदलले असेल, धास्तीने त्यांनी गाडी बदलली असेल, मुलुंडचा पहिला वर्ग सोडून त्या कुठेही असतील. पेपरातली नावे मी वाचली, पण त्यांतले कुठले नाव त्यांचे हे मला कळण्याजोगे नव्हते, कारण त्यांचे नावच मला ठाऊक नव्हते.

मुलाला हे सांगितले तेव्हा तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पण आई, ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. इथे परक्यांचं राज्य आहे.’’ वेगळी होतीच. त्याचे चुकले नव्हते. त्याच वर्षी मार्च महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाने याच मालिकेच्या कर्त्यांना बोलावून मानवी हक्क आणि दहशतवाद यांवर चर्चा घडवली होती, म्हणजे मोठमोठ्यांनाही ही मालिका हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नव्हती. तरीही माझ्या मनात काहीतरी खुपत राहिले. काय खुपते ते मला नेमके सांगता येत नव्हते, म्हणूनच बहुधा मी भांडी आपटली.

आमच्या पिढीचा अंतराळाशी संबंध आला तो दूरदर्शनमुळे. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. नाहूरला तेव्हा रेल्वे स्टेशन नव्हते; भांडुप नाही तर मुलुंडला उतरायचे आणि पायपीट करायची. पूर्वेला मिठागरे, पश्चिमेला आग्रा रोडवरचे कारखाने, आणि आमच्या चाळीत एकच कृष्णधवल टीव्ही. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक पडद्यावर आला की पोरे ओरडत. इंग्रजी कोणालाच धड कळत नसे, पण चांगला कोण नि वाईट कोण हे कळायला अडचण पडत नसे. नव्वदीत ‘शक्तिमान’ आला, त्याच्यासमोर तमराज किल्विष. मग केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, आपला मिलिंद सोमण अंतराळवीराच्या पोशाखात, आणि पकडायला तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार. किल्विषला बालपण नव्हते, आई नव्हती, काळोखाखेरीज दुसरी आवड नव्हती. मुलांना तेवढे पुरत असे.

मराठी विज्ञानकथेत तर खलनायक फारसा नाहीच. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराला प्रतिष्ठा आली. पण या कथांतला शत्रू बहुधा निसर्ग असतो, किंवा माणसाचा आडमुठेपणा. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईवर बर्फ पडते, त्या बर्फाचा राग कोणावर काढायचा? गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्या दिवशी मी ती कथा पुन्हा काढून वाचली. तीत दुष्ट माणूस कोणीच नाही; वेळेवर न ऐकणारे मात्र पुष्कळ आहेत.

खलनायकाला मन असते हे आपल्याला शिकवायला अमेरिकन मालिकांची गरज नव्हती, हेही खरे. माझी आई ‘रामायण’ मालिका बघताना रावणाचा प्रसंग आला की न चुकता म्हणे, ‘‘विद्वान होता हो! शिवभक्त होता.’’ शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली आले आणि मराठी घरांत कर्ण आपलाच कोणी थोरला भाऊ असल्यासारखा वावरू लागला. मीही रडले आहे. पण कुरुसभेत द्रौपदीला ओढून आणले तेव्हा तिला नको ते बोलणारा आणि तिची वस्त्रे फेडायला सांगणारा हाच कर्ण होता, हे व्यासांनी लिहून ठेवले आहे. कर्णासाठी रडताना आपण तेवढे पान जरा भरभर उलटतो. मला खुपत होते ते हेच होते, पण ते मला कळायला एक जुना मराठी चित्रपट पुन्हा बघावा लागला.

तो चित्रपट ‘सामना’. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, साल १९७४. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा खलनायक म्हणावा तर इतका गोड, इतका कर्तबगार, की त्याच्या वाड्यावर पाहुणे म्हणून राहावेसे वाटावे. माळरानावर त्याने साखर कारखाना उभा केला, मुलुख हिरवा केला. त्याच्या दारी आलेल्या दारुड्या मास्तराला तो स्वतःच्या बरोबरीने बसवतो. चित्रपट त्याच्यावर कसलाही अन्याय करत नाही. फक्त डॉ. लागूंचा तो मास्तर एक प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचे काय झाले? जेवताना विचारतो, पिताना विचारतो, गावभर विचारत फिरतो. प्रश्न इतका मुरला की मराठीत ती म्हणच होऊन बसली. हिंदुराव आपल्याला समजतो, आवडतोसुद्धा. पण मारुती कांबळेला विसरायची सवलत चित्रपट आपल्याला देत नाही.

हे लक्षात आल्यावर मी साऱ्या अंतराळातल्या खलनायकांना हाच प्रश्न विचारत सुटले. यात मला थोडी मजाही वाटू लागली, हे लपवत नाही.

‘स्टार ट्रेक’चा सर्वांत गाजलेला खलनायक आपल्याकडचा आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. खान नूनियन सिंग! १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात तो प्रथम येतो. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे त्याचे वर्णन होते. काम मात्र रिकार्डो माँटलबान या मेक्सिकन नटाने केले. शास्त्रज्ञांनी घडवलेला हा अतिमानव १९९० च्या दशकात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर राज्य करून गेलेला, आणि दोनशे-अडीचशे वर्षे गोठून झोपलेला. त्या भागातले एक संभाषण मोठे गमतीचे आहे. कप्तान कर्क आणि त्याचे सहकारी कबूल करतात की या हुकूमशहाबद्दल आपल्याला कौतुक वाटते. त्याच्या राज्यात म्हणे कत्तली झाल्या नाहीत. भावनाशून्य म्हणवणारा स्पॉक तेवढा चकित होऊन त्यांच्याकडे बघतो. शेवटी कर्क त्याला तुरुंगात न घालता एक उजाड ग्रह देऊन टाकतो. पंधरा वर्षांनी, १९८२ च्या चित्रपटात, त्या ग्रहाची राखरांगोळी झालेली असते, खानाची बायको मेलेली असते आणि कर्कने पुन्हा कधी चौकशीही केलेली नसते. त्याचा सूड आपल्याला समजतो. पण ज्या चौथ्या हिश्श्यावर त्याने राज्य केले, तिथली माणसे? त्यांतला एकही जण कधी पडद्यावर आला नाही. गोठलेल्या खानाला चेहरा मिळाला, त्याच्या कोट्यवधी प्रजेला मिळाला नाही.

याउलट दीडशे वर्षांपूर्वीचा ज्युल व्हर्न बघा. कॅप्टन नीमोला आमच्या पिढीने भा. रा. भागवतांमुळे व्हर्नच्या जगात शिरल्यावर ओळखले. समुद्राखालून पाणबुडी हिंडवणारा हा गूढ माणूस मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या बंडात लढलेला, घरदार गमावलेला, हे व्हर्नने १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड केले. पहिल्या कादंबरीत व्हर्नच्या मनात नीमो पोलंडचा होता आणि त्याचे वैर रशियाशी होते; पण रशियातला खप बुडेल म्हणून प्रकाशकाने मोडता घातला. अशा तऱ्हेने, व्यापाराच्या कृपेने, विज्ञानकथेतला पहिला मोठा दुःखी खलनायक आपल्या वाट्याला आला! नसीरुद्दीन शाहांनी २००३ च्या एका इंग्रजी चित्रपटात त्याचे काम केले, आणि २०२४ मध्ये ‘नॉटिलस’ ही दहा भागांची मालिका आली, तीत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कैदेतून पाणबुडी पळवतो.

ही मालिका मी बघितली. छान आहे, आणि गोरा साहेब हरताना बघून कोणाला आनंद होणार नाही? पण तिच्यातला नीमो फार धुतलेला आहे. व्हर्नचा नीमो शत्रूचे जहाज खालून फोडतो. पाणी चढत जाते, खलाशी डोलकाठ्यांवर, दोरखंडांवर चढत जातात, आणि काचेआडून कथेचा निवेदक प्राध्यापक ते सगळे बघत राहतो. त्याला नजर काढून घेता येत नाही. मग नीमो आत जातो आणि बायको नि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देतो. त्या बुडणाऱ्या खलाशांची नावे व्हर्नलाही ठाऊक नाहीत. पण त्याने ते दाखवले, आणि रडणाऱ्या नीमोच्या आधी दाखवले. क्रमाला महत्त्व आहे. आधी तसबीर आणि मग खलाशी असते तर आपण खलाशांकडे बघितलेच नसते.

गॅलॅक्टिकाच्या त्या प्रसंगात माझ्या दृष्टीने चुकले ते इथे. बाँब बांधणाऱ्याला बायको मिळाली, आठवण मिळाली, संगीत मिळाले. समोर रांगेत उभ्या पोरांना गणवेश मिळाला. मुलाने नंतर मला दाखवून दिले की त्याच दलातल्या एका पोलिसाची गोष्ट मालिकेने पुढे सांगितली आहे, त्याचा गोंधळ, त्याने वाचवलेली एक स्त्री आणि त्याचा शेवट, सगळे. ते मी मान्य केले. पण एकाचीच!

हे सारे इथेच थांबले असते तर मी हा लेख लिहिला नसता. गेल्या वर्षी २१ जुलैला निकाल आला. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले होते, दोनशेच्या आसपास माणसे गेली होती. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, ते त्यांचे ते बघतील. पण त्या बारांतला एक जण त्याआधीच, २०२१ साली, तुरुंगात मरण पावला होता.

मी त्या माणसांचा इतकी वर्षे मनापासून द्वेष केला होता. आमची लाईन नव्हती, गाडी आमची नव्हती. पण मुलुंडचा राग मी त्यांच्याही खात्यावर जमा करून ठेवला होता. पेपरात त्यांचे चेहरे आले की पान उलटत असे. त्यांना आई असेल, मुले असतील, असा विचार मी कधी केला नाही, आणि करायचा नाही असे ठरवून केला नाही. मेलेल्यांच्या बाजूने उभे राहायचे तर तेवढे केलेच पाहिजे असे मला वाटत होते. त्या बातमीनंतर दोन-तीन रात्री मला नीट झोप आली नाही. ह्यांनी विचारले तेव्हा ॲसिडिटी म्हणून सांगितले.

दिवाळीत मुलगा बंगळूरहून आला. त्याला म्हटले, अरे, तुझ्या त्या अंतराळातले एखादे जुने, बॉम्ब नसलेले असेल ते लाव. त्याने ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’चा १९९३ सालचा ‘ड्युएट’ हा भाग लावला. पंचेचाळीस मिनिटांचा भाग, बहुतेक सगळा एका कोठडीत. कार्डेशियन लोकांनी बाजोर ग्रहावर अनेक दशके राज्य केले, छळछावण्या चालवल्या. ते राज्य संपल्यावर बाजोरच्या बंडात लढलेली मेजर कीरा एका कार्डेशियन प्रवाशाला पकडते. तो म्हणतो, मी छावणीतला साधा फायली लावणारा कारकून. मग म्हणतो, नाही, मीच त्या छावणीचा कसाई अधिकारी, मला अभिमान आहे! कीराला हेच हवे असते. पण तपासात कळते की तो अधिकारी केव्हाच मेला आहे आणि हा खरोखरच कारकून आहे. रात्री छावणीतल्या किंकाळ्या ऐकू आल्या की कान झाकून घेणारा. आपल्या देशाला एकदा तरी गुन्हा कबूल करावा लागावा म्हणून चेहरा बदलून, त्या कसायाचे नाव घेऊन फासावर जायला आलेला.

इथे मारुती कांबळे जागोजागी आहे. त्या माणसाला दुसरे काही ऐकूच येत नाही. मी कारकुनी करण्यात जन्म घालवला. फायली लावणे म्हणजे काय आणि फायलीत काय असते ते न वाचणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

कीरा त्याला सोडून देते. चौकात गर्दीतून एक बाजोरन पुढे होतो आणि त्याच्या पाठीत सुरी खुपसतो. कीरा ओरडते, हा तो नव्हे, का मारलेस? तो म्हणतो, कार्डेशियन होता, तेवढे पुरे. नाही पुरे, असे ती म्हणते, आणि भाग संपतो.

मुलगा बराच वेळ त्या कारकुनाबद्दल बोलत होता, कसा मोठा माणूस, कसा नट. मी हो हो म्हणत होते. सुरी घेतलेला तो दुसरा माणूस आधीच्या एका प्रसंगात कोठडीत दारू पिऊन पडलेला दिसतो, तेवढाच. त्याने छावणीत कोणाला गमावले, बायको की भाऊ, मालिका काही सांगत नाही. मी मुलाला तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितला. त्याने लावला. मग म्हणाला, ‘‘आई, याच्यात काय बघतेस? हा तर एक्स्ट्रा आहे.’’